आधी चाला, मग गळ टाका

थंडी सुरू झाली की मुंबईकरांना किनारा आठवतो, या वेळच्या पत्रांमध्ये समुद्राचेच प्रश्न जास्त आलेत. म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकात घेते आणि हे पान पूर्ण समुद्राला देते.

प्रश्न : ताई, आम्ही दोघं दादरला राहतो, मिस्टर नुकतेच रिटायर झालेत. जानेवारीत लक्षद्वीपला, अगत्ती बेटावर जायचं ठरलंय. काचेच्या तळाची बोट वगैरे आहेच, पण आम्हाला एक अख्खा दिवस फक्त बेटाच्या किनाऱ्याने चालायचंय, आणि मिस्टरांना गरवायची भारी हौस, बँडस्टँडच्या खडकांवर ते वर्षानुवर्षं बसतायत. असा दिवस कसा आखावा, सामान काय न्यावं, आणि तिथे कुणी हरकत तर घेणार नाही ना?
— एक वाचक, दादर

उत्तर : फार सुंदर बेत आहे तुमचा. माझं पहिलं सांगणं हे की त्या दिवशी सकाळी गरी-तंगूस रूमवरच ठेवून निघा. आपण काय करतो, चालणं वेगळं आणि गरवणं वेगळं असं धरून अर्धा दिवस याला अर्धा त्याला देतो, पण ज्याने सकाळी ओहोटीला किनारा नीट बघितलाय त्यालाच नंतर कळतं गरी कुठे टाकायची. पाणी उतरलं की तळ उघडा पडतो, कुठे नुसती वाळू आहे, कुठे खडक, कुठे समुद्री गवत, भरतीचं पाणी कोणत्या वाटेने आत शिरतं, हे सगळं तेव्हाच दिसतं आणि पुढच्या सहा तासांत परत झाकलं जातं. बँडस्टँड मिस्टरांना पाठ असेल, अगत्तीला त्यांच्या हातात एकच दिवस आहे.

आता बेट समजून घ्या. लक्षद्वीपची बेटं प्रवाळांनी बनलेली आहेत, आपल्या कोकणासारखा काळा दगड तिथे नाही. एकूण 36 बेटं म्हणतात त्यातल्या 10 बेटांवर वस्ती, आणि सगळी जमीन एकत्र केली तरी जेमतेम 32 चौरस किलोमीटर. अगत्ती हे लांबट, चिंचोळं बेट, सात-साडेसात किलोमीटर लांब आणि रुंदी एक किलोमीटरच्या आत, काही ठिकाणी तर इकडच्या किनाऱ्यावरून तिकडचा समुद्र ऐकू येतो. पश्चिमेला मोठं लगून आहे, म्हणजे बाहेर प्रवाळाची भिंत आणि आत उथळ शांत हिरवं-निळं पाणी. पूर्वेच्या बाजूला ही भिंत किनाऱ्याच्या जवळ आहे, तिकडे लाटांनी आणून टाकलेले प्रवाळाचे तुकडे, गोटे यांचा ढीग असतो, चालायला पाय दुखवणारा पण बघायला जबरदस्त. दक्षिण टोकाला विमानतळाची धावपट्टी आहे त्यामुळे बेटाला पूर्ण प्रदक्षिणा घालायचीच असा हट्ट धरू नका. उजाडताच पूर्व किनाऱ्याने उत्तरेकडे चालायला लागा, ऊन चढायच्या आत टोक गाठा, आणि पश्चिमेच्या लगूनच्या बाजूने परत या. मध्ये दुपारी दोन-तीन तास माडांच्या सावलीत काढा, जानेवारी असला तरी पांढऱ्या वाळूवरचं ऊन खालूनही भाजतं.

ही पांढरी वाळूही जरा हातात घेऊन बघा. त्यातली बरीचशी पोपट माशांनी केलेली असते, ते चोचीसारख्या दातांनी मेलेल्या प्रवाळावरचं शेवाळ कुरतडतात, सोबत पोटात गेलेला चुना बारीक होऊन वाळू म्हणून बाहेर पडतो. रंगीबेरंगी दिसतात म्हणून ते पकडायच्या मागे कुणी लागू नये, ते खडकावरचं शेवाळ आटोक्यात ठेवतात म्हणून नवीन प्रवाळाला जागा मिळते. आणि तिथल्या प्रवाळाला सध्या प्रत्येक मदतीची गरज आहे, 1998, 2010, 2016 आणि 2024 मध्ये पाणी इतकं तापलं की प्रवाळ पांढरे पडले. त्यामुळे ओहोटीला खडकावर उतरलात तर पाऊल फक्त वाळूवर किंवा मेलेल्या सपाट खडकावर ठेवा, जिवंत प्रवाळावर पाय पडला की वर्षानुवर्षांची वाढ एका क्षणात मोडते. लगूनमध्ये हिरवी कासवं दिसण्याची शक्यता चांगली आहे, समुद्री गवत चरायला येतात, लांबून बघा.

पायात जाड तळाची, मागून पट्टा असलेली सँडल किंवा जुने बूट हवेतच, चपला नकोत. तिथे दगडमासा असतो, हुबेहूब दगडासारखा दिसतो आणि त्याच्या पाठीवरच्या काट्यांत जहाल विष असतं. शंकूच्या आकाराचे नक्षीदार शंख दिसले तर उचलू नका, आत जिवंत गोगलगाय असेल तर ती डंख मारते आणि त्यातल्या काही जातींचा डंख माणसाचा जीव घेऊ शकतो.

अजून एक गोष्ट मुंबईकरांना माहीत नसते म्हणून मुद्दाम लिहिते. आकाश निरभ्र, वारा नाही, आणि तरी लाटा अचानक आत घुसतात असं केरळ आणि लक्षद्वीपच्या किनाऱ्यावर होतं, तिथे त्याला कल्लक्कडल म्हणतात. दूर दक्षिणेकडच्या महासागरातल्या वादळांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर चालत येतात. पावसाळ्याच्या आधी, एप्रिल-मे मध्ये हे जास्त होतं, पण सवय म्हणून हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचा लाटांचा इशारा निघायच्या आदल्या रात्री बघाच, फोनवर मिळतो. इशारा असेल तर पूर्वेच्या कडेला जायचं नाही, लगूनची बाजू घ्यायची.

आता गरवायचं. सामान अगदी कमी न्या, हाताने टाकायची गरी, थोडं तंगूस, शिसं, चार-सहा गऱ्या, एक पक्कड आणि एक जुनी सुती फडकी, बस्स. रॉड-रीलचा पसारा छोट्या विमानात नेणं त्रासाचं आणि लगूनच्या काठावर त्याची तशी गरज पण नाही. गऱ्या चेक-इन बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत नको. आणि पक्कड मी कशाला सांगितली तर गरीचा उलटा काटा दाबून सपाट करायला. मिस्टर म्हणतील मासा निसटेल, थोडे निसटतीलही, पण तंगूस ढिलं न सोडता ओढलं की बहुतेक येतात, आणि जो ठेवायचा नाही तो जखम न होता परत जातो.

हे मी कुठल्या परदेशी पुस्तकातून सांगत नाहीये, तिथले मच्छिमार हेच करतात. कुप्पा, म्हणजे ट्यूना पकडायची त्यांची पद्धत जगात नावाजलेली आहे. आधी लगूनमधून बारीक मासे जिवंत धरून होडीच्या टाकीत ठेवायचे, बाहेर समुद्रात कुप्प्याचा थवा दिसला की ते मूठमूठ पाण्यात फेकायचे, होडीच्या मागून पाण्याचे फवारे मारायचे म्हणजे माशाला वाटतं वर बारीक मासळी उसळतेय, आणि मग काठीला बांधलेल्या बिनकाट्याच्या गरीने एकेक मासा उचलून होडीत, गरी आपोआप सुटते आणि परत पाण्यात. जाळं नाही त्यामुळे नको ते मासे जवळजवळ मरतच नाहीत. मूळ ही पद्धत मिनिकॉयची, तिथून बाकीच्या बेटांवर गेली, आणि आज अगत्ती हे तिचं मोठं केंद्र आहे. संध्याकाळी होड्या परततात तेव्हा धक्क्यावर जा, दिवसातला सगळ्यात चांगला तास तो असेल. कुप्पा उकडून, धूर देऊन, वाळवून जे करतात त्याला तिथे मास म्हणतात, लाकडासारखं टणक असतं, थोडं घरी आणा आणि आपल्या सुक्या बोंबलाच्या चटणीसारखी चटणी करून बघा.

हरकतीचं विचारलंत ते बरं केलंत. लक्षद्वीपला भारतीयांनाही प्रवेशाचा परवाना लागतो, आणि तो पर्यटनाचा परवाना आहे, त्यात मासेमारी आलीच असं गृहीत धरू नका. ज्यांच्याकडे राहणार त्यांना बुकिंग करतानाच विचारा की काठावरून गरी टाकलेली चालते का, कुठे चालते, आणि शक्य असेल तर तिथल्या एखाद्या मच्छिमाराला दिवसाचे पैसे देऊन सोबत घ्या. लगूनमधली बारीक मासळी ही त्यांच्या कुप्प्याच्या धंद्याचं आमिष आहे, तिच्या जागेवर आपण हौसेखातर धिंगाणा घालणं बरं नाही. वस्तीजवळच्या किनाऱ्यावर अंगभर कपडे घाला, मुस्लिम वस्तीची साधी गावं आहेत, माणसं फार अगत्याची. मासा मिळाला तर त्यांच्याच घरी शिजवायला द्या. केंड मात्र, तोच तो फुगणारा मासा, गरीला आला तर सोडून द्यायचा, त्याचं विष शिजवूनही जात नाही.

आणि गरी टाकायची वेळ? भरती लागल्यापासूनचे पहिले दोन-तीन तास. सकाळी जी पाण्याची वाट हेरून ठेवलीय तिच्या तोंडाशी, वाळू आणि खडक जिथे भेटतात तिथे. खडकाच्या आत टाकू नका, तंगूस अडकून तुटतं आणि तुटलेलं तंगूस कासवाच्या मानेला, पक्ष्यांच्या पायाला वेटोळे घालत कितीतरी वर्षं तिथेच राहतं. चुकून तुटलंच तर हाताला लागेल तेवढं गोळा करून परत आणा.

प्रश्न : माझी आजी पंचांग बघून भरतीची वेळ सांगते आणि ती बरोबर येते! तिथीला पाऊणपट करायचं म्हणते. हे खरंच चालतं का आणि सगळीकडे चालतं का? मी बीएस्सी करतोय, मित्रांबरोबर एखाद्या बेटावर कॅम्पला जायचा विचार आहे.
— एक विद्यार्थी, वसई

उत्तर : आजीला माझा नमस्कार सांग. हो, चालतं, आणि यामागे साधं गणित आहे. चंद्र रोज साधारण पाऊण तास, नीट धरलं तर 50 मिनिटं उशिरा उगवतो आणि भरती त्याच्या मागे मागे सरकते. मुंबई-वसईच्या पट्ट्यात अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास भरते, तिथून रोज पाऊण तास पुढे. म्हणून पंचमीला पाच गुणिले तीन भागिले चार, पावणेचार. अष्टमीला सहा. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच, दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा, आणि भरती भरल्यापासून सहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी.

यातून आजीने तुला न सांगता अजून एक गोष्ट दिलीय बघ. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, आणि आपल्याकडे ही सुकती पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या आसपास येते, म्हणजे खडपात, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांत, फिरायला थंड वेळ आणि लांबवर उघडा पडलेला तळ, दोन्ही एकदम. अष्टमीच्या सुमारास भांगाचं पाणी, चढ-उतार थोडाच, सुकती दुपारी बाराला. पाणी कमी ओढतं त्यामुळे नवशिक्याने गरवायला भांगाचे दिवस बरे, आणि खडप बघायला उधाणाचे.

पण हा हिशोब दुसऱ्या किनाऱ्यावर न्यायचा नाही. प्रत्येक ठिकाणी भरतीची वेळ वेगळी असते, समुद्राची खोली, खाडीचं तोंड, उथळ तळ किती लांबवर पसरलाय यावर ते ठरतं. उंचीही वेगळी. मुंबईला उधाणाची भरती पाच मीटरपर्यंत जाते, म्हणूनच तर पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस पालिका आधीच जाहीर करते, आणि लक्षद्वीपसारख्या खोल समुद्रातल्या बेटावर चढ-उतार त्यामानाने फारच थोडा. तिथे गेलेल्या मुंबईकराला वाटतं अरे इथे तर पाणी हलतच नाही, आणि तो बेफिकीर होतो, पण उथळ लगूनमध्ये अर्धा-पाऊण मीटर पाणी वाढलं तरी गुडघ्याचं कमरेला येतं आणि परतीच्या वाटेवर ओढ लागते. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते काढतो, त्यात जवळचं बंदर शोधून त्या दिवसाच्या वेळा वहीत लिहून घे, मोबाईलची रेंज जाते. आजीचा हिशोब मनात ठेव, तक्ता खिशात ठेव, दोन्ही जुळले नाहीत तर तक्त्याचं ऐक.

कॅम्पचं म्हणशील तर बेटावर रात्र काढायच्या आधी परवानगी कुणाची लागते ते शोध. उदाहरणार्थ अलिबागकडच्या थळजवळचं खांदेरी बेट. शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये तिथे किल्ला बांधायला घेतला, इंग्रजांनी थांबवायचा प्रयत्न करूनही बांधून घेतला, आणि 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या किल्ल्यांच्या यादीत त्याला जागतिक वारसा केलं. तिथे दीपगृह आहे, वेताळाचं देऊळ आहे, कोळी बांधवांची मोठी श्रद्धा आहे त्या जागेवर. तिथे दिवसा जा, थळच्या होडीवाल्याशी परतीची वेळ पक्की करून जा, तटाखालचं खडप बघ, संध्याकाळी परत ये.

प्रश्न : माझी मुलगी आठ वर्षांची आहे, शिंपले-शंख गोळा करायचं वेड आहे तिला. आम्ही अंदमानला चाललोय. आणू द्यावेत का?
— एक आई, ठाणे

उत्तर : नाही. तिला वाईट वाटेल हे मला कळतंय, पण नाही. प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा नाही. कठीण प्रवाळ, समुद्रकाकडी, समुद्रघोडे, मोठे राक्षसी शिंपले हे सगळे वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली, वाघाच्या बरोबरीने, पहिल्या अनुसूचीत आहेत, विमानतळावर बॅगेत सापडले तर गुन्हा होतो. साधे शंख कायद्यात नसले तरी रिकाम्या शंखात शंखवासी खेकडे घर करतात, आपण शंख उचलला की त्या खेकड्याचं घर कमी झालं, हे तिला सांगा, आठ वर्षांच्या मुलांना हे मोठ्यांपेक्षा पटकन पटतं. तिला एक वही द्या, दिसलेला प्रत्येक शंख तिथेच बसून काढायचा, रंगवायचा, आणि होता त्याच जागी ठेवायचा. घरी आल्यावर ती वही मला दाखवायला पाठवा, खरंच आवडेल.

प्रश्न : आम्हाला कुठे जमतंय लक्षद्वीप-अंदमान! मुंबईतच असा एखादा दिवस काढता येईल का? आणि मागच्या वर्षी माझ्या भावाला गरवताना शिंगाळ्याचा काटा लागला, रात्रभर ठणकत होता, तेव्हा काय करायला हवं होतं?
— एक वाचक, कांदिवली

उत्तर : आधी भावाचं. शिंगाळ्याच्या पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कल्ल्यांजवळच्या काट्यांना विष असतं. काटा लागला की जखम स्वच्छ धुवायची आणि हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-एक तास बुडवून ठेवायचा, उष्णतेने ते विष निकामी होतं आणि कळ बरीच उतरते. पाणी किती गरम ते दुसऱ्या, चांगल्या हाताने बघायचं, दुखऱ्या हाताला अंदाज येत नाही आणि भाजतं. मग डॉक्टर, कारण काट्याचा तुकडा आत राहतो, आणि धनुर्वाताचं इंजेक्शनही बघायला लागतं. पाकटाच्या काट्यालाही हेच. 2013 च्या गणपती विसर्जनात गिरगाव चौपाटीवर पाकटांनी बऱ्याच जणांना डंख मारले होते, तेव्हा मुंबईला कळलं की हा मासा आपल्या पायाशी असतो. उथळ पाण्यात चालताना पाऊल उचलून टाकू नका, घसटत न्या, पाकट चाहूल लागली की स्वतःच निघून जातं.

आणि दिवसाचं म्हणाल तर अहो मुंबई बेटच आहे की. मला सगळ्यात आवडतं ते गिरगाव चौपाटीपासून हाजीअलीपर्यंतचं खडप. हाजीअलीचा रस्ता भरतीला पाण्याखाली जातो हे लहानपणापासून बघतो आपण, त्याच्या आजूबाजूचा खडक सुकतीला उघडा पडतो आणि त्यात प्रवाळ, ऑक्टोपस, रंगीत समुद्री गोगलगायी असं काय काय दिसतं, समोर बस उभी असते आणि पायाशी हे. मरीन लाइफ ऑफ मुंबई नावाचा गट 2017 पासून अशा किनारा-फेऱ्या काढतो, नवख्याने एकदा तरी त्यांच्याबरोबर जावं, बघायचं कसं ते शिकवतात. कोस्टल रोडच्या कामात या खडपाचा काही भाग गेला, 2020 मध्ये काही प्रवाळ उचलून दुसरीकडे बसवावे लागले, आणि म्हणून मला फार मनापासून वाटतं की जे उरलंय ते जास्तीत जास्त मुंबईकरांनी डोळ्यांनी बघावं. ज्यांनी पाहिलंच नाही ते त्यासाठी बोलणार कसे!

गरवायला मात्र तिथे नको, गर्दी असते. मार्वेहून फेरीने मनोरीला उतरा, गोराईच्या बाजूने चालत जा, खाडीच्या तोंडाशी भरती लागताना बसा. शिंगाळा, बोय, नशीब असेल तर तांबोशी. कोळंबी ताजी घ्या, वास मारणारी नको. कोळी लोकांची जाळी, खुंट, वाळत घातलेली मासळी जिथे असेल तिथून लांब बसायचं, आणि बसायच्या आधी बंदरावर असलेल्या मामांना विचारायचं. सावली शोधून ठेवा, पाणी भरपूर न्या. पावसाळ्यात हे काहीच करू नका. 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, तो काळ माशांच्या विणीचा आणि खवळलेल्या समुद्राचा, आपणही तेव्हा खडकावर बसू नये.

प्रश्न : गळाला पापलेट लागतं का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : नाही लागत हो. पापलेट पाण्यात तरंगणारे बारीक जीव खातं, गरीवरच्या कोळंबीकडे बघतही नाही, ते जाळ्यातच येतं. 2023 मध्ये ते महाराष्ट्राचा राज्य मासा झालं, कारण सारखी लहान पिल्लंच धरून त्याची संख्या घटत चाललीय. बाजारात तळहातापेक्षा लहान पापलेट दिसलं तर घेऊ नका आणि मावशींना कारणही सांगा.